सरलावहिनींचे गेलेले खडे

त्या रविवारी फरीदाबादच्या आमच्या मराठी मंडळात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी नाट्यगीतांच्या कार्यक्रमाला आम्ही पदाधिकारीच मागच्या रांगा भरून काढतो. ही गर्दी डॉ. गिरिजा पेठे यांच्या सत्काराला जमली असं ज्याला वाटेल, त्याला आमचं मंडळ माहीत नाही. गर्दी होती नेत्रानंद बाबांसाठी.

सत्कार मात्र गिरिजाबाईंचाच होता. दिल्लीत सोनोग्राफी हा शब्दही लोकांना नीट उच्चारता येत नव्हता, तेव्हापासून बाई माणसांच्या पोटात डोकावत आल्या आहेत. त्याआधी अंधाऱ्या खोलीत एक्स-रेच्या पडद्यावर बघावं लागे. डोळ्यांना अंधाराची सवय राहावी म्हणून त्या दिवसा लाल काचांचा चष्मा लावून बसने हिंडायच्या. डोळे आलेत समजून शेजारचे प्रवासी उठून जायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉक्टर आज निम्म्या शहराची पोटं तपासतात. एवढं आयुष्य आमचे अध्यक्ष हरिदास ओगले यांना एका कार्यक्रमाला अपुरं वाटलं.

"विज्ञान आणि अध्यात्माचा संगम करू यार," ते मला म्हणाले होते. "बाबाही आतलंच बघतात, बाईही आतलंच बघतात. लोक बिल्कुल खूश होतील."

मी मंडळाचा चिटणीस. माझं मत इतिवृत्तात लिहून घेतात आणि तिथेच ठेवतात.

बाबा मानेसरकडचे. भगव्या रेशमी कुर्त्यात, कानाला माइक लावून ते व्यासपीठावर आले आणि टाळ्या थांबेचनात.

"मशीन क्या करती है? सिर्फ़ देखती है!" बाबा गरजले. "हम देखते भी हैं, निकालते भी हैं! न चीरा, न टाँका, न बेहोशी! आँख बंद, पथरी बाहर!"

मग त्यांनी साक्षीदार म्हणून हरिदासरावांच्या पत्नीला, सरलावहिनींना, पुढे बोलावलं. वहिनींच्या पित्ताशयात खडे होते. त्यापायी दोनदा तापाने फणफणून इस्पितळात पडल्या होत्या. आता पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल, असं सर्जनने बजावलं होतं. मंगळवारी ऑपरेशन ठरलं होतं. पण शनिवारी हरिदासराव त्यांना मानेसरला घेऊन गेले. बाबांनी पोटावर कापसाचा बोळा फिरवला आणि त्यातून टणाटण चार खडे ताटलीत पाडले. लगेच आश्रमाशेजारच्या केंद्रात सोनोग्राफीही झाली. आधीच्या चित्रात खडे, नंतरच्या चित्रात काही नाही! दोन्ही चित्रं आता सभागृहातल्या पडद्यावर झळकत होती.

"उद्याच फोन करून ऑपरेशन कॅन्सल करतोय," हरिदासरावांनी जाहीर केलं. लोकांनी जयजयकार केला. वहिनी हसल्या. ऑपरेशनची त्यांना मनापासून भीती वाटत होती. ते सुटल्यासारखं हसू होतं.

गिरिजाबाई काठी टेकत उठल्या. पडद्याजवळ जाऊन दुसरं चित्र त्यांनी बराच वेळ न्याहाळलं.

"सरला, काल या फोटोआधी काय खाल्लंस?"

सभागृहात खसखस पिकली. सत्कारमूर्ती जेवणाची चौकशी करताहेत!

"प्रसाद, बाई. पुरी आणि हलवा. इतकं तूप होतं की हाताला ओघळत होतं. मग तासभर सत्संग झाला, आणि मग फोटो."

"आणि आधीचा फोटो?"

"तो तर तुमच्याच सेंटरमधला. उपाशीपोटी बोलावलं होतं ना."

"अस्सं," बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी पुन्हा उपाशीपोटी ये. मशीन इथे आणलं असतं, पण ते केंद्राबाहेर न्यायला कायद्याने मनाई आहे."

"हमारी मशीन को लाइसेंस नहीं लगता!" बाबांनी टाळ्या घेतल्या, आणि मग आवाज हळू केला. "पर बेटी, जो संदेह करता है, उसकी पथरी लौट आती है."

केवढी सोय! खडे गेले तर बाबांमुळे, राहिले तर वहिनींच्या संशयामुळे.

"मग मला आधी तपासा," हरिदासराव ताडकन म्हणाले. "माझी पूर्ण श्रद्धा आहे."

"चालेल. तुम्हीही उपाशी या," बाई म्हणाल्या.

सोमवारी सकाळी बाईंच्या केंद्रात आम्ही हजर झालो. बाबांना तातडीने पानिपतला जावं लागलं होतं. हरिदासराव खाटेवर आडवे झाले. बाईंची विद्यार्थिनी डॉ. नीरजा हिने यंत्र फिरवलं आणि बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हे तुमचं पित्ताशय. उपाशीपोटी पित्ताने भरलंय, म्हणून फुगलेल्या पिशवीसारखं छान दिसतंय. खडे नाहीत. आता हे खा."

डब्यात पुरी आणि तुपात न्हालेला हलवा होता. हरिदासरावांनी मनापासून ताव मारला. तासाभराने नीरजाने पुन्हा यंत्र फिरवलं. पिशवी गायब! तिच्या जागी एक चिमटलेली सुरकुती उरली होती.

"अहो, माझं पित्ताशय कुठे गेलं?" हरिदासराव घाबरून उठू लागले.

"बाबांनी काढलं असेल. तुमची श्रद्धा पूर्ण होती ना?"

बाईंना हसू आवरेना. मग त्या शांतपणे समजावू लागल्या. "तूप पोटात गेलं की ते पचवायला पित्ताशय आवळतं आणि पित्त बाहेर टाकतं. आवळलेल्या पित्ताशयातले बारीक खडे सहज नजरेतून निसटतात. म्हणून तर आम्ही उपाशी बोलावतो. बाबांचा चमत्कार हलव्यात आणि त्या तासभराच्या सत्संगात आहे. ताटलीतले खडे कापसात आधीच लपवलेले. रस्त्यावरच्या गिट्टीचे असतील ते, सरलाचे नव्हेत."

आता उपाशी सरलावहिनी आडव्या झाल्या. फुगलेल्या पिशवीच्या तळाशी खडे जागच्या जागी होते. प्रत्येकामागे काळी सावली पडलेली.

वहिनी रडल्या. "मला वाटलं होतं, सुटले."

गिरिजाबाईंनी त्यांचा हात धरला. "भीती वाटणं चूक नाही गं. त्या भीतीचा धंदा करणं चूक आहे."

वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "फोन केलात का कॅन्सलचा?"

"नाही अजून."

"करू नका."

मंगळवारी ऑपरेशन झालं. सर्जनने बाटलीत घालून दिलेले खडे हरिदासरावांनी घरच्या बैठकीच्या खोलीत, बाबांची तसबीर काढून रिकाम्या झालेल्या कोनाड्यात ठेवले.

गिरिजाबाईंचा सत्कार आम्ही महिन्याने पुन्हा केला. या वेळी गर्दी बेताची होती. शाल सरलावहिनींनी घातली. उत्तरादाखल बाई फार बोलल्या नाहीत.

"मी आयुष्यभर माणसांच्या आत बघितलं, पण नुसत्या चित्रावर कधी विश्वास ठेवला नाही. ते कधी घेतलं, कसं घेतलं, हे आधी विचारलं. तुम्हीही विचारा. देव रागावणार नाही, आणि डॉक्टर रागावला तर डॉक्टर बदला. आणि चमत्काराची तपासणी करायला जाल, तेव्हा त्याच्या घरचं खाऊन जाऊ नका."

त्या दिवशी मंडळात जेवण भाषणानंतर ठेवलं होतं.