सुलाबाईंची विहीर आणि कांद्याची मुळं

मित्रांनो, गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात माझं सगळं आयुष्य गेलं. मी तिथला जुना सूक्ष्मदर्शक. अंबाल्याला घडलो, लाकडी पेटीतून नाशिकला आलो. मुलं माझ्यातून कांद्याचा पापुद्रा पाहायची, वहीत चित्र काढायची आणि पास होऊन निघून जायची.

१९९८च्या उन्हाळ्यात देवराम नावाचे भाजीपाला पिकवणारे शेतकरी विहिरीचं पाणी घेऊन आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मनीषा मॅडमकडे आले.

"मेथी उगवती अन् करपून जाती. तपासणीत पाणी चांगलं निघालं. आता काय करू?"

"पिताही हेच?"

"मग! सगळी वस्ती पिती."

मॅडमनी काही कांद्यांची बुडं त्या पाण्यात टेकवली, काहींची नळाच्या पाण्यात. चौथ्या दिवशी नळाच्या पाण्यातली मुळं लांब, पांढरी होती. विहिरीच्या पाण्यातली आखूड, तपकिरी. मुळांची टोकं रंगवून त्यांनी माझ्याखाली ठेवली आणि दोन दिवस पेशी मोजल्या. नळाच्या पाण्यात हजारातल्या नव्वद पेशी विभागत होत्या. विहिरीच्या पाण्यात अकरा, म्हणजे मुळांची वाढ जवळजवळ थांबली होती.

वस्तीला हे पटेना. पाणी तर नितळ होतं. देवरामांच्या पत्नी सुलाबाई तावातावाने कॉलेजात आल्या. "याच पाण्यावर माझी तीन पोरं वाढली!"

मॅडमनी त्यांना स्टुलावर बसवलं. आधी नळाच्या पाण्याची काचपट्टी दाखवली, मग विहिरीची.

"पहिल्यात लय गडबड चालली व्हती," सुलाबाई हळूच म्हणाल्या. "हितं समदं गप पडलंय. माणसाचं बी आतून असंच हुतं का?"

"कांद्यावरून माणसाचं सांगता येत नाही. पण मी हे पाणी पिणार नाही."

त्याच संध्याकाळी सुलाबाईंनी विहिरीचा दोर काढून नेला. शेजारणींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. वस्तीच्या बाया मैलभरावरून हंडे वाहू लागल्या. महिनाभराने ओढ्याकाठी एका कारखान्याचा सांडपाण्याचा पाझरता खड्डा सापडला आणि तो बुजवला गेला.

विहीर मात्र लगेच सुधारली नाही; हंडे वाहणं चालूच राहिलं. सुलाबाई दरवर्षी पाणी आणत. २००३ साली हजारात शहाऐंशी पेशी विभागताना दिसल्या. मॅडम हसल्या.

सुलाबाई म्हणाल्या, "परत मोजा."

मॅडमनी परत मोजलं. तेवढ्याच भरल्या.

आता नवी यंत्रं आली आहेत. मी कपाटात आहे, भिंगाला बुरशी लागली आहे. त्याबद्दल तक्रार नाही. मित्रांनो, एवढंच सांगतो: तुम्ही जमिनीवर जे ओतता, ते कुणाच्या तरी घशाखाली उतरतं. ओतण्याआधी हात थांबवा.