चावी नसलेली हातकडी

मी हातकडी बोलतेय. दचकू नका, तुम्हाला पकडायला आलेली नाही. मी खऱ्या पोलिसांची नव्हे, टीव्हीतल्या पोलिसांची. पण स्वभाव मात्र अस्सल जातीवर गेलाय. कुणी जरा गोड बोललं की मला लगेच वाटतं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

माझा जन्म जर्मनीतला. कोलोन शहराबाहेर एक लहानसा कारखाना होता, तिथे नाटक-सिनेमासाठी खोटी हत्यारं बनायची. मला हलक्या धातूची घडवली आणि वर पोलादाचा रंग चढवला. कुलपाला भोकही ठेवलं, पण ते नुसतं दिखाऊ. मला चावी कधीच नव्हती. आतल्या बाजूला तांदळाएवढा खटका आहे, तो अंगठ्याने दाबला की मी उघडते. शूटिंगमध्ये काही बरंवाईट झालं तर नटाला आपलं आपण सुटता यावं, म्हणून ही सोय.

मला विकत घेतलं क्वाबेनाने. हा घानातल्या कुमासी शहराचा. इंजिनियर व्हायला जर्मनीला आला आणि नाटकात रमला. मनगटं अशी रुंद की स्टुडिओतल्या हातकड्या त्याला काचायच्या.

"रोज घालायचीच आहे, तर मापाची तरी असू दे," तो कारखानदाराला म्हणाला. कारखानदार हसला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पहिल्या मालिकेत त्याच्या पात्राला नावसुद्धा नव्हतं. कागदावर लिहिलं होतं, 'गर्द विकणारा, क्रमांक दोन'. क्वाबेनाचं जर्मन म्हणजे बातम्या देणाऱ्यांसारखं स्वच्छ. दिग्दर्शक म्हणाला, "इतकं चांगलं नको, जरा मोडकं बोल." तो मोडकं बोलला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि मी त्याच्या हातांवर बसले.

पुढची तीस वर्षं हेच चाललं. कधी घुसखोर, कधी बनावट पासपोर्टवाला, कधी गोदामाचा पहारेकरी. एक गोष्ट मी शिकले. पहिल्या वीस मिनिटांत ज्याला पकडतात, तो गुन्हेगार नसतो. चाळिसाव्या मिनिटाला त्याला सोडून देतात, कुणी माफीबिफी मागत नाही, आणि गोष्ट खऱ्या चोराकडे वळते. एकदा एका इटालियन सिनेमात क्वाबेना डॉक्टर झाला. तेव्हा मी घरी ड्रॉवरमध्ये पडून होते, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं होतं. सिनेमा लागला तेव्हा त्यात त्याची फक्त पाठ दिसत होती.

त्याची आई कुमासीला असते. सुरुवातीला तो तिला कॅसेटी पाठवायचा. शेजारणी जमून बघायच्या आणि विचारायच्या, "खरं सांग, तुझा मुलगा तिकडे नक्की करतो तरी काय?" आई सांगायची, अगं, नाटक आहे ते. पण एकदा फोनवर तिनेच हळूच विचारलं, "क्वाबेना, ते लोक तुला शेवटी सोडतात ना रे?" त्यानंतर त्याने कॅसेटी पाठवणं बंद केलं.

आणि मग साठी उलटल्यावर त्याला इन्स्पेक्टरचं काम मिळालं. मुख्य भूमिका, नऊ भाग. मी त्याच्या कमरेला! नव्वदीला टेकलेल्या आईला त्याने फोन केला. "या वेळी पकडणारा मी आहे, आई. अगदी शेवटपर्यंत. सगळ्या शेजारणींना बोलाव."

माझ्या मनात पाल चुकचुकली. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. आठ भाग मी दुसऱ्यांच्या मनगटांवर बसले, कॅमेऱ्याने माझं अगदी जवळून दर्शन घडवलं, तरी माझा विश्वास बसेना.

नववा आणि शेवटचा भाग दुबईत होता. रास अल खोरच्या एका गोदामात इन्स्पेक्टर सोन्याच्या तस्कराला पकडतो, दंडाला धरून गाडीपर्यंत नेतो, आणि मालिका संपते. शूटिंगचं सामान शेजारच्या गाळ्यात ठेवलं होतं आणि त्यावर राखणदार होता बाबाजी. हा राजापूरकडचा. बावीस वर्षं दुबईत काढलेली, बायकामुलं गावी. संशयात मला तोडीस तोड माणूस! प्रत्येक वस्तूला नंबराची चिठ्ठी बांधायची आणि नादुरुस्त वस्तू गाळ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, असा त्याचा नेम. मला चिठ्ठी मिळाली सत्तेचाळीस नंबरची.

संध्याकाळी क्वाबेना गाळ्यात आला. त्याने मला उचललं, खटका दाबून पाहिला आणि सवयीने खिशात टाकलं. बाबाजी तडक मिहिकाकडे गेला. मिहिका दिग्दर्शकाची सहायक, दुबईतच अल नहदाच्या टॉवरमध्ये वाढलेली मराठी मुलगी.

"मॅडम, तुमचा तो काळा माणूस सामान खिशात घालतो."

"काका! ही इज द लीड! अँड दे आर हिज ओन."

"लीड असू दे नाहीतर शेख असू दे. रजिस्टरवर सही माझी आहे. आणि चावीशिवाय उघडली कशी त्याने? मी बघितलं ना. हातसफाई आहे ती."

क्वाबेनाने मला टेबलावर परत ठेवलं. त्याला मराठी येत नाही. पण तो सूर त्याला कुठल्याही भाषेत कळतो.

तो गेल्यावर बाबाजीने मला उलटंसुलटं करून पाहिलं. खटका सापडला. बोट लागताच मी उघडले, तसा तो स्वतःशीच म्हणाला, "हात्तिच्या! कुलूपच ढिलं झालंय, चावी लावायच्या आधीच उघडतं. उद्या शॉटमध्ये आपोआप उघडली तर सगळे बाबाजीच्या नावाने ओरडणार." त्याने धातू वितळवून खटका झाळून टाकला, वरून कानस मारली, फडक्याने पुसलं. काम इतकं सफाईदार की डोळ्याला काही दिसूच नये. मी ओरडून सांगितलं असतं, पण हातकडीचं ऐकतो कोण? जन्मात पहिल्यांदा मी खरी झाले होते.

दुसऱ्या दिवशी मिहिकाने सगळ्यांना नवे कागद वाटले. दिग्दर्शकाने शेवट बदलला होता. आता म्हणे इन्स्पेक्टरच तस्कराचा भागीदार निघतो. शेवटचं दृश्य: त्याचीच हातकडी आणि त्याचेच हात. बघा! मी काय म्हणत होते?

"असा धक्का बसेल! कुणालाही संशय येणार नाही," दिग्दर्शक खुशीत म्हणाला.

"सगळ्यांना येईल," क्वाबेना म्हणाला. "पहिल्या भागापासून आला असेल."

त्याने खूप समजावलं. दिग्दर्शकाने करारातलं कलम दाखवलं. गोदामाची परवानगी संध्याकाळपर्यंतच होती आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांची विमानं. मग क्वाबेना गप्प झाला. त्याच्या त्या गप्प बसण्याचा मला राग आला. तीस वर्षं मी ते ऐकत आले होते.

तो मला न्यायला गाळ्यात आला. बाबाजीने मला अभिमानाने पुढे केलं. "टेक, सर. नाऊ व्हेरी स्ट्राँग."

क्वाबेनाचा अंगठा सवयीने आत गेला आणि थांबला. पुन्हा दाबलं. खटका हलेना. त्याने बाबाजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "थँक यू," एवढंच म्हणाला आणि मला कमरेला लावून निघाला.

"आधी तालीम करू," त्याने सेटवर जाऊन सांगितलं. कॅमेरा बंद होता. त्याने आपण होऊन दोन्ही हात पुढे केले. मी खटकन बसले.

"छान! आता काढा आणि टेक घेऊ," दिग्दर्शक म्हणाला.

मी निघेना. आधी सगळे हसले. मग कुणी तेल आणलं, कुणी पिन. दिग्दर्शक घड्याळ बघत "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करू लागला. मिहिका धावत बाबाजीला घेऊन आली. क्वाबेनाच्या मनगटांवर मला पाहताच बाबाजीचा चेहरा उतरला. त्याला तेव्हा कुठे कळलं, की आपण जे बुजवलं ते कुलूप नव्हतं, सुटायची वाट होती.

त्याने हॅकसॉ आणला, मनगटांभोवती ओलं फडकं गुंडाळलं आणि जपून कापायला बसला.

"सर, मैंने किया. माय मिष्टेक. मला वाटलं तुम्ही..."

"ही थॉट यू वेअर..." मिहिकाही तिथेच अडली.

"आय नो," क्वाबेना म्हणाला. "डोंट वरी. कट स्लोली."

शेवटचे दोन शब्द ऐकले आणि माझे कान टवकारले. स्लोली? बाहेर ऊन कलत होतं, परवानगीचं एकेक मिनिट सरत होतं आणि हा माणूस निवांत बसून बाबाजीकडे गावची चौकशी करत होता! आपलं नाव मंगळवारी जन्मल्यामुळे पडलं, हेही त्याने सांगितलं. मिहिकाने ते मराठीत सांगताच बाबाजी रडवेल्या तोंडाने हसला. "म्हणजे मंगळ्या! आमच्या वाडीत पण आहे एक."

मी तुटले तेव्हा जेमतेम अर्धा तास उरला होता. आठ भाग माझंच तोंड दाखवलेलं, त्यामुळे दुसरी हातकडी चालेना, आणि हुबेहूब माझ्यासारखी आणायची तर कोलोनहून. दिग्दर्शकाने नवे कागद जमिनीवर आपटले. "कुणी बिघडवली ही?"

बाबाजीने तोंड उघडायच्या आत क्वाबेना म्हणाला, "माझीच आहे. जुनी झालीय, अडकली. खलास."

मग जुनाच शेवट घेतला. क्वाबेनाने शर्टाच्या बाह्या ओढून वळ झाकले, तस्कराला दंडाला धरलं, गोदामाच्या दारातून उन्हात नेलं आणि त्याच्यासाठी गाडीचं दार उघडलं. एका टेकमध्ये झालं. कपडे बदलायच्या आधी त्याने आईला फोन लावला. काय बोलला ते कळलं नाही, त्याच्या भाषेत बोलला. पण त्याला इतक्या मोठ्याने हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

खटका दाबला जात नाही, हे त्याला सेटवर जाण्याआधीच कळलं होतं. तरी त्याने हात पुढे केले. जन्मभर मी सगळ्यांवर संशय घेतला, पण या एका बाबतीत मला तिळमात्र शंका नाही.

तो मला न नेताच गेला. मी आता दोन तुकड्यांत बाबाजीच्या टेबलावर पडून आहे. सत्तेचाळीस नंबरची चिठ्ठी एका तुकड्याला आहे, दुसऱ्याला नाही. आज सकाळी बाबाजीने पितळी कांडी आणि गॅसची बत्ती काढली. "सर परत येतील तेव्हा नवीकोरी करून देतो," असं तो मिहिकाला सांगत होता. उपकार फेडायची त्याची हीच रीत.

बाबाजी, तुझ्या हातात कसब आहे आणि मनात खोट नाही, हे मी पाहिलंय. पण ही बत्ती विझव. मला जोडलंस की मी पुन्हा कुणाच्या तरी हातांची वाट बघत बसणार, आणि ते हात कुणाचे असतील ते तुलाही ठाऊक आहे. एवढी एक वस्तू मोडकीच राहू दे.