पुसलेली बाजू

डेकमधली फीत अजून फिरत होती. गाणं संपून मिनिट होऊन गेलं होतं. तेवढ्या वेळात अंबिकाने बेसच्या तारेवरचं बोट उचललं नव्हतं, चिंतामणीची काठी ड्रमच्या वीतभर वर तशीच थांबली होती, आणि हरेश्वर भिंतीला टेकवलेल्या जुन्या मखराच्या सांगाड्याकडे पाहत राहिला होता. त्या बांबूंमागून आत्ताच कोणीतरी बोलून गेलं असावं, अशा नजरेने.

"मागे घे," अखेर अंबिका म्हणाली.

चिंतामणीने फीत मागे घेतली. पुन्हा त्यांचंच गाणं. पाण्याखालून यावी तशी हळूहळू वर येणारी गिटारची सुरावट, मग एकाएकी फुटलेला ड्रम, हरेश्वरची घसा खरवडणारी हाक, आणि ऐन भरात तिघांनी एकदम घेतलेला थांबा. चार मात्रांची निखळ शांतता. ती साधायला त्यांना दोन महिने लागले होते. आणि आता त्या चार मात्रांत, बंद दाराआड कोणी गात असावं तसा, एक पुरुषी आवाज होता.

"...मालकाचा वाजे..."

गाणं पुन्हा कोसळलं. पुन्हा थांबलं.

"...बंद केला तेव्हा..."

"हा तू नाहीस," चिंतामणी हरेश्वरला म्हणाला.

"नाही."

"मी पण नाही. मी एवढा सुरात कधी होतो?" तो एकटाच हसला.

दुपारचे तीन वाजले होते. परळच्या एका व्यायामशाळेमागची ही खोली. गणपती मंडळाचं सामान तिथे वर्षभर पडून असे. व्यायामशाळा झाडून द्यायची, या बोलीवर ती तिघांना मिळाली होती. त्यांच्या बँडचं नाव 'तिसरी पाळी'. गिरणीतल्या रात्रपाळीचं हे नाव; हरेश्वरचे वडील त्या पाळीला जात. तिघं वाजवत त्या रॉकला परदेशी मासिकांत पोस्ट-हार्डकोअर म्हणत. लालबागेत त्याला बोंबाबोंब म्हणत, आणि हे दुसरं नाव त्यांना अधिक जवळचं वाटे. चिंतामणी मिरवणुकीतला ताशा सोडून ड्रमकडे आला होता. अंबिका शिवडीच्या कोळीवाड्यातली. तिची आई मासळी घेऊन बाजारात बसे, आणि वाद घालण्याची कला अंबिकाने तिथेच उचलली होती. हरेश्वर मराठी घेऊन एम.ए. झालेला, गाणी तो लिही आणि तोच ओरडे.

त्यांचे नियम कडक होते. कोणा कंपनीचा फलक पाठीमागे लावायचा नाही. गिरणी पाडून उभ्या केलेल्या मॉलमध्ये वाजवायचं नाही, कितीही बोलावणी आली तरी. एकाचं 'नाही' ते तिघांचं 'नाही'. आणि नवी कॅसेट विकत घ्यायची नाही. चाळीचाळींतून, कोणी ऐकेनाशा झालेल्या कॅसेटी मागून आणायच्या, त्यांच्यावर आपली गाणी भरायची, मांजरपाटाच्या तुकड्यात गुंडाळायच्या. त्या कापडावर अंबिकाने लाकडात कोरलेला धुराड्याचा ठसा उमटवायचा. दोन हजार चार साली माणसं सीडी घेऊ लागली होती आणि कॅसेटी पोत्याने बाहेर निघत होत्या, तेव्हा मालाला तोटा नव्हता.

पण या कामाला एक अट होती. हरेश्वरनेच ती कोळशाने भिंतीवर लिहिली होती: ऐकल्याशिवाय पुसायचं नाही. दोन्ही बाजू, अथपासून इतिपर्यंत. त्या अटीमुळेच एका बाळाचं बोबडं बोलणं आणि कणकवलीकडच्या कुठल्याशा दशावताराची एक अख्खी रात्र त्यांनी धन्याच्या दारी परत नेऊन दिली होती. आपण गिरणी संपावर गाणी करतो, पुसल्या जाणाऱ्या वस्तीवर गाणी करतो. मग आपल्या हातून काही पुसलं जाता कामा नये, असं तो मोठ्या अभिमानाने सांगे.

त्याने डेकमधून कॅसेट काढली. आरत्यांची होती. कागदी पट्टीवर बॉलपेनने, भांड्यांवर घालतात तसं, नाव घातलेलं: र. धों. घाडी.

"रखमाकाकी," तो म्हणाला. "आमच्या मजल्यावरची."

"मग हा आवाज?"

हरेश्वरने कॅसेट उलटी केली. दुकानातल्या कॅसेटची मागची बारीक खिट्टी मोडलेलीच येते, म्हणजे आरतीवर चुकून कोणी दुसरं काही भरू नये. ज्याला भरायचंच असेल तो त्या भोकात कागदाचा बोळा कोंबतो. गेले सहा महिने हरेश्वर दुसरं करत काय होता? शेकडो बोळे त्याने कोंबले होते. आणि या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला बोळा आधीपासूनच होता. बिडीच्या कट्ट्याचा, गुलाबी विटलेल्या कागदाचा. त्याला ते क्षण लख्ख आठवले. रविवारी कार्यक्रम होता, चाळीस प्रती व्हायच्या होत्या, पहिल्या बाजूच्या झांजा त्याने वीस मिनिटं सहन केल्या होत्या. कॅसेट उलटली, बोळा दिसला, आणि चला, एक काम वाचलं, म्हणून तो खूश झाला होता.

तो बोळा म्हणजे त्याच्याआधी कोणीतरी इथे येऊन, आपलं काही ठेवून गेल्याची खूण होती. मुंबईत ती ओळखणारी तीनच माणसं असतील, तर ती या खोलीत होती.

"डेकचं पुसणारं हेड झिजलंय," चिंतामणी म्हणाला. "म्हणून खालचं थोडं राहिलं. नवा डेक असता तर तेवढंही नसतं." मग त्याचा आवाज बदलला. "पण हऱ्या, ऐकलंस कसं येतं ते? आपण थांबतो आणि तो बोलतो. असं आपण ठरवून केलं असतं तरी जमलं नसतं. मी म्हणतो, हीच मूळ प्रत धरू. सगळ्या प्रती हिच्यावरून काढू."

"तुझा बाप आहे का तो?" अंबिकाने विचारलं.

"अगं, 'मालकाचा' म्हणतोय. संपातला खरा आवाज आहे. आपण दुसरं काय शोधतोय?"

"शोधला नाहीस रे, मारलास. आता मढ्याला ढोलकी बांधतोस. माझं 'नाही'."

एकाचं 'नाही' ते तिघांचं 'नाही'. चिंतामणीने काठ्या खाली ठेवल्या. "मग त्या काकीला सांगणार कोण?" त्याने विचारलं, आणि दोघंही हरेश्वरकडे पाहू लागले.

हरेश्वर मात्र आणखी एक गोष्ट जाणत होता, जी त्याने या दोघांना सांगितली नव्हती. महिन्यापूर्वी रखमाकाकीने पिशवी दिली तेव्हा ती दारात अडवून उभी राहिली होती.

"ऐकतास ना रे आधी?"

"हो काकी. ऐकल्याशिवाय पुसतच नाही."

"ह्यातल्या एकात ह्येंचो आवाज आसा. गेटवरच्या सभेत भरललो. खयच्यात ता माका म्हायत नाय. मशीन काय घरात रवला नाय. गावलो की सांग."

काकीचा नवरा धोंडू घाडी गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होता आणि संपात गेटवर कवनं म्हणायचा. मस्कतहून आलेल्या मेव्हण्याच्या टेपवर कोणीतरी ती एकदा भरून घेतली. दुसऱ्या वर्षी, संप मिटला नाही आणि मोडलाही नाही अशा दिवसांत, तो गावी गेला आणि तिथेच आठ दिवसांच्या तापाने गेला. काकी पोचली तेव्हा राखही थंड झाली होती. जवळ फोटो एकच, मंडळाचा. त्यात तो मागच्या रांगेत, अर्धा दुसऱ्याच्या खांद्याआड. तिने पिशवी टाकून दिली नव्हती. भिंतीवरच्या त्या कोळशाच्या ओळीच्या भरवशावर, बावीस वर्षांनी, तिने आपला नवरा शोधायला दिला होता.

*

चिंतामणीचा छोटा टेपरेकॉर्डर आणि ती कॅसेट पिशवीत घालून हरेश्वर लालबागला, आपल्या चाळीत आला. जिना चढताना त्याने सांगायची वाक्यं जुळवली होती. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांतलं एकही शिल्लक नव्हतं. काकी दाराशी बसून वाल सोलत होती. समोर, गॅलरीच्या कठड्यापलीकडे, गिरणीचं धुराडं आणि त्याच्याहून उंच पिवळी क्रेन. कळशी पायाशी होती. पाण्याची वेळ झाली होती.

तिने त्याचा चेहरा पाहिला आणि हातातला दाणा तसाच धरून विचारलं, "गावलो?"

"सापडला, काकी. पण माझ्या हातून पुसला गेला. मी दुसरी बाजू ऐकली नाही. थोडाच उरलाय."

"थोडो म्हणजे किती?"

त्याने टेप उंबऱ्यावर ठेवला आणि कळ दाबली. काकीने पदराला हात पुसले. सुरावट आली, ड्रम फुटला, आणि तिने कानांवर हात नेले. नेले, पण ठेवले नाहीत.

"ह्या आरडता ता कोण?"

"मी."

"असां."

मग थांबा आला. "...मालकाचा वाजे..." काकी हलली नाही. पुन्हा कल्लोळ. "...बंद केला तेव्हा..." पुन्हा कल्लोळ. "...चुलीपाशी..." हरेश्वरला आपलाच आवाज ऐकवेना. तो ओरडत होता ते शब्द त्याला एकेकाळी पाठ्यपुस्तकांत छापावेत इतके आवडले होते: आम्ही विसरणार नाही, आम्ही विसरणार नाही.

"मधला खय गेला?" तिने विचारलं.

"आमच्या गाण्याखाली."

गाणं संपलं. रिकामी फीत खरखरत राहिली आणि त्या खरखरीतून, गाण्यातलं नव्हे, साधं बोलण्यातलं एक वाक्य वर आलं, अख्ख्या बाजूतलं तेवढं एकच धड राहिलेलं: "बंद कर रे आता, नायतर टेप संपात."

काकी हसली. तोंडावर पदर घेऊन, लहान पोरीसारखी. "तसोच! एका काडयेर तिघांचे बिडये पेटवी तो. टेप संपात म्हणे!" मग हसू ओसरलं आणि ती म्हणाली, "परत लाव."

त्याने परत लावलं. या खेपेला तिने डोळे मिटले. ड्रम फुटला तेव्हा हरेश्वरने पाहिलं, की तिचे ओठ हलताहेत. त्याला आधी वाटलं जप असेल. तो पुढे वाकला. त्यांच्या त्या बोंबाबोंबीच्या तळाशी, त्या कल्लोळाला न जुमानता, काकी पुटपुटत होती: "झोप मोडते आमची... साचा..." आणि बरोबर त्याच घडीला गाणं थांबलं, टेपमधला माणूस म्हणाला, "बंद केला तेव्हा," आणि तिच्या ओठांवरही तेच शब्द होते. "कळली ताकद हाताची," ती एकटीच पुढे गेली. वर पुन्हा ड्रम कोसळत होता. मात्रेची चूक नाही. पुढच्या थांब्याला दोघं पुन्हा भेटले. "...चुलीपाशी..." पुन्हा तो बुडाला आणि ती चालत राहिली.

पुसलेलं काहीच नव्हतं. सगळं इथे होतं. या उंबऱ्यावर, वालाच्या टरफलांच्या ढिगाशेजारी, कडव्यामागून कडवं. त्याच्या छातीवरचा दगड हलला, आणि त्या हलकेपणाच्या भरातच त्याचा हात पिशवीत गेला. दुसरी एक कॅसेट तिथे होती, बोळा कोंबून तयार.

"काकी," गाणं संपायच्या आत तो म्हणाला, "तुम्हाला सगळं पाठ आहे! तुम्ही म्हणा. आत्ताच. मी भरून घेतो, मग कोणालाच पुसता येणार नाही."

काकीने डोळे उघडले. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो भरून घेण्याच्या, लाल टिंबाच्या कळीवर आपोआप जाऊन बसला होता. मग दुसऱ्या हातातल्या कॅसेटकडे पाहिलं, आणि तिच्या पट्टीवरचं बॉलपेनमधलं नाव तिने सावकाश, एकेक अक्षर लावत वाचलं.

"कमल शि. तावडे," ती म्हणाली. "खालच्या मजल्यावरची. ही तिची?"

"ऐकलीय मी. दोन्ही बाजू. शपथ."

टेपमध्ये खरखर सुरू झाली होती. बंद कर रे आता, तो माणूस म्हणाला. हरेश्वरने बंद केला नाही.

"म्हणाल ना, काकी?"

काकीने वालांचं ताट बाजूला सारलं, गुडघ्यावर हात देऊन उठली, कळशी कमरेला लावली, आणि गॅलरीच्या टोकाला, नळ सुटल्याचा आवाज येत होता त्या दिशेने, मागे न वळता चालू लागली.