वाचनाला कोण उभं राहणार

बायकोच्या अंत्यविधीची चर्चमधली मिस्सा ठरवायला फादर घरी आले, तेव्हा शिंप्याने गाणी, फुलं सगळं भराभर सांगून टाकलं. आईचं झालं, भावाचं झालं, एकुलत्या एका मुलाचंही झालं. आता त्याला सगळं तोंडपाठ होतं.

"बायबलच्या वाचनाला कोण उभं राहणार?"

"विचारायचं काय त्यात? दरवेळी हीच वाचते. मुलाच्या वेळीसुद्धा आवाज कापला नाही तिचा." मग सवयीने स्वयंपाकघराकडे वळून तो ओरडला, "अगं, ऐकलंस का?"

 फादरांनी हळूच विचारलं, "घरातलं दुसरं कुणी?"

शिंपी उखडला. "दुसरं कुणी असतं, तर मेलेल्या बाईला हाक मारली असती का?"