किती वेळा वाजलं

दारावर एकदा ठोकून कॅप्टनचा हात हवेतच थांबला. दुसऱ्यांदा ठोकायचा धीर होईना. स्वतःच्या घराला त्यानं गाणं वाजणारी बेल बसवून घेतली होती ती त्याचमुळे. तीस वर्षं झाली, पण लाकडावर लागोपाठ दोनदा टकटक झाली की अजून तो दचकून मागे वळून पाहायचा.

"एवढंसं वाजवून कोण थांबतं, भाऊजी? मला वाटलं मांजर धडपडलं," वहिनी दार उघडत म्हणाल्या. गळ्यात मापाची टेप लोंबत होती. "या, बसा. त्या ब्लाउजांवर नका हं बसू, उद्या द्यायचेत."

शिलाई मशीनच्या वर भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा फोटो होता. हॉकीचा सगळा संघ त्याला खिळा म्हणायचा. पेनल्टी कॉर्नरला गोलरेषेवरून सुसाट आलेला चेंडू तो स्टिकनं असा थांबवायचा, की जणू जागीच ठोकून बसवला. मग कॅप्टन पुढे यायचा आणि मारायचा. एकशे चौदा गोल कॅप्टनच्या नावावर लागले. त्यातल्या निम्म्याअधिक चेंडूंना आधी खिळ्याची स्टिक लागली होती, पण ते कोण मोजतंय! खिळ्याला जाऊन आता दीड वर्ष झालं होतं.

"तुमच्या आठवणींच्या पुस्तकासाठी ह्यांचा फोटोच हवा होता ना? फोनवर सांगितलं असतं तरी पाठवला असता की. तीन जिने चढून आलात, गुडघ्यांची वाट लावून."

कॅप्टननं खिसा चाचपला. शर्टाच्या खिशात पुस्तकाचं एक पान घडी घालून ठेवलं होतं. फायनलच्या शेवटच्या मिनिटाचं. पुढच्या आठवड्यात ते छापायला जाणार होतं. त्यात एक वाक्य होतं : 'खिळ्याकडून चेंडू थांबला नाही.' त्या दिवशी पत्रकारांनाही त्यानं हेच सांगितलं होतं. तसं ते खोटं नव्हतं. चेंडू थांबला नव्हताच.

दोघांची एक खूण होती. कॅप्टननं स्टिक जमिनीवर एकदा आपटली तर खिळ्यानं चेंडू थांबवायचा. दोनदा आपटली तर स्टिक उचलून चेंडू जाऊ द्यायचा, मागे डावीकडे उभा असलेला गडी मारेल. आधी घोळक्यात काहीही ठरो, शेवटचा शब्द त्या ठोक्याचा. त्या दिवशी कॅप्टननंच मारायचं ठरलं होतं. तो घाईघाईत जागेवर गेला. स्टिक एकदा आपटली, आणि उगाचच पुन्हा एकदा. खिळ्यानं इमानदारीत स्टिक उचलली. डावीकडचा गडी बेसावध होता. चेंडू सगळ्यांच्या देखत निघून गेला, आणि सामनाही.

ड्रेसिंग रूममध्ये खिळा समोर येऊन उभा राहिला होता, काहीतरी विचारायला. कॅप्टन खाली मान घालून बुटांच्या नाड्या सोडत बसला. खिळा पुन्हा कधी संघात आला नाही.

"बरं झालं तुम्हीच आलात," वहिनी कपाटातून एक फाइल काढत म्हणाल्या. "फोटो शोधताना हे सापडलं. कानाच्या डॉक्टरांचे कागद. तीन वेगवेगळे डॉक्टर झाले. तिघंही म्हणाले, कान ठणठणीत आहेत. ह्यांना पटेल तर शपथ!"

"कानाला काय झालं होतं त्याच्या?"

"काही नाही हो, तेच तर! जेवायला बसले की चमच्यानं ताट वाजवायचे. मला विचारायचे, सांग, किती वेळा वाजलं? मी म्हणायचे, दोनदा. की हे म्हणायचे, मलाही तेव्हा दोनदाच ऐकू आलं होतं. पण दोनदा वाजलं असतं तर कॅप्टन बोलला असता. तो तसला माणूस नाही. म्हणजे माझेच कान गेले." वहिनींनी फाइलवरची धूळ पदरानं पुसली. "किती वर्षं हेच! डोकं उठायचं माझं. शेवटी मीच कंटाळून म्हणायला लागले, एकदाच वाजलं असेल, जेवा आता गुपचूप. मग ताट वाजवायचे थांबले."

वहिनींनी मान वर करून कॅप्टनकडे पाहिलं.

"तुम्ही तर तिथंच होतात. किती वेळा वाजलं होतं हो?"

एकदा म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते खोडून काढणारं आता कोणीच उरलं नव्हतं. कॅप्टननं फोटोकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"दोनदा," तो म्हणाला. "चूक माझी होती, वहिनी. मला तेव्हाच कळलं होतं. मी घाबरलो."

वहिनींचा हात मशीनच्या चाकावर गेला. मशीन बंदच होतं, तरी त्यांनी ते चाक घट्ट धरून ठेवलं.

"मी त्यांना एकदाच म्हणत राहिले हो," त्या म्हणाल्या.

कॅप्टननं खिशातलं पान काढलं. "हे बदलणार आहे मी. खरं काय ते छापतो."

"छापा. लोकांसाठी छापा." वहिनींनी पान घेतलं, न वाचताच उलटं करून त्याच्यापुढे ठेवलं आणि वर पेन ठेवलं. "किती वेळा वाजलं ते इथं मागे आत्ता लिहा. मोठ्या अक्षरात."

त्यानं लिहिलं. खाली सही केली. आयुष्यात हजारो सह्या केल्या होत्या त्यानं, पण ही वाकडी आली. वहिनींनी तो कागद डॉक्टरांच्या तीन कागदांवर लावला आणि फाइलची नाडी बांधली.

फोटो मागायचं त्याला सुचलं नाही. त्यांनीही दिला नाही.