निळ्या टाकीतलं डिझेल

मोहनरावांना अक्कल नव्हती असं नाही. होती ती सगळी पळवाटा शोधण्यात खर्च झाली होती.

आश्रुबा रोज स्टेअरिंगवर बसताना मनात हेच म्हणायचा, आणि रोज गुपचूप चावी फिरवायचा. पिकअप सोसायटीची, सोसायटीचे चेअरमन मोहनराव, आणि आश्रुबा नुसता ड्रायव्हर. दुष्काळ पडला तशी सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी घातली. माळावरच्या बोअरला पाणी होतं, पण वीज नव्हती. म्हणून जनरेटर. जनरेटरनं डिझेल प्यायचं, तेव्हा जनावरांनी पाणी प्यायचं. एक थांबलं की दुसरं थांबलं.

पंपवाला कॅनमध्ये डिझेल देईना. मग चौसाळ्याच्या मल्लिनाथ वेल्डरकडून गाडीच्या हौद्यात, केबिनच्या मागं, लोखंडी टाकी बोल्ट मारून बसवली. मल्लिनाथनं विचारलं होतं, "आण्णा, नळी इंजिनाला जोडू का तशीच ठिवू?"

"ठिव तशीच," मोहनराव म्हणाले.

आठवडा झाला नाही तोच हायवेवर तपासणीच्या पथकानं धरलं. साहेब म्हणाले, "टाकी इंजिनाला जोडलेली नाही? मग हा माल झाला, आणि तोही पेट घेणारा. टाकीवर धोक्याची पाटी कुठंय? आग विझवायचं सिलिंडर कुठंय? ड्रायव्हरचं ट्रेनिंग झालंय का?"

मोहनरावांनी नळी इंजिनाला जोडून घेतली. पुढच्या फेरीला तेच साहेब. "जोडली? म्हणजे गाडीत फेरफार केला. परवानगी कुठंय?"

"म्हंजे जोडली तरी गुन्हा, न जोडली तरी गुन्हा?" मोहनराव फोनवर इतके ओरडले की आश्रुबानं फोन कानापासून लांब धरला. पण खरं सांगायचं तर साहेबांनी काय काय पाहिजे ते सांगितलं होतं. पाटी, सिलिंडर, ट्रेनिंग. सोसायटीच्या सत्कारातल्या फेट्यांना जेवढे पैसे लागतात तेवढ्यात भागलं असतं. मोहनरावांना ते पटेना. सरळ रस्त्यानं गेलं तर चेअरमन कशाला झालो, असा त्यांचा हिशोब.

त्यांनी नळी पुन्हा काढली, टाकी निळी करून घेतली आणि वर पांढऱ्या अक्षरात लिहून घेतलं : पिण्याचे पाणी.

"आता बघू," ते म्हणाले. "दुष्काळात पाण्याची गाडी अडवायची कुणाची छाती हाय?"

आणि खरंच कुणी अडवेना. एका हवालदारानं तर शिट्टी मारून ऊसतोडीचा ट्रॅक्टर बाजूला घेतला आणि डिझेलला वाट करून दिली. मोहनराव हे छावणीत चार जणांना हसून हसून सांगत होते. आश्रुबाला हसू येईना. साहेबांनी अडवायचं सोडलं, तसं लोकांनी अडवायला सुरुवात केली होती. गाडी दिसली की बाया हंडे घेऊन धावायच्या. तो खाली मान घालून ॲक्सिलरेटर दाबायचा आणि मागनं शिव्या यायच्या. त्यात त्याची मेलेली आईसुद्धा सुटत नव्हती.

"मालक, एखाद्या दिवशी कुणी तोटी सोडंल," तो मोहनरावांना म्हणाला होता.

"तू थांबूच नको ना बे."

त्या दिवशी माळेवाडीजवळ थांबावं लागलं. वळणावर, भर रस्त्यात एक बाज टाकलेली. बाजेवर डोक्याला पदर घेऊन बायनाबाई बसलेली, सत्तरीची म्हातारी. उन्हानं डांबर पघळलं होतं आणि ही तिथं ओसरीवर बसावी तशी बसलेली. दोन्ही बाजूंना हंडे. आश्रुबानं हॉर्न वाजवला.

"वाजीव," बायनाबाई म्हणाली. "लग्नाचा बँड बी आसाच वाजत व्हता. मी तवाबी हालले न्हाई."

आश्रुबा खाली उतरला. "मावशे, ऊठ. ह्यात पानी न्हाई. डिझेल हाय."

सगळ्या बाया खो-खो हसल्या. "परवाचा टँकरवाला म्हणला, पानी खारं हाय. त्येच्या आदला म्हणला, टाकीत मेलेली घूस हाय," बायनाबाई म्हणाली. "तू बरा शिकलेला हायेस बाबा. तुझ्यात डिझेल हाय."

"आगं शपथ!"

"मग वर काय लिवलंय? म्हसोबाचं नाव?"

आश्रुबानं टाकीवरच्या पांढऱ्या अक्षरांकडं बघितलं. काय सांगायचं? चेअरमन खोटं लिहितो आणि मी ते फिरवतो, हे?

तेवढ्यात गाडीच्या मागून आवाज आला. "आलं बरं का! विहिरीपासनं बाजूला व्हा!"

आश्रुबा गर्रकन वळला. टँकरचं पाणी हंड्यात वाटत नाहीत. भांडणं होतात. आधी ते गावच्या विहिरीत सोडायचं आणि मग ज्यानं त्यानं शेंदायचं, ही इकडची रीत. माळेवाडीची विहीर रस्त्याला चिकटून होती. तळाला वीतभर हिरवट पाणी, पण गावाजवळ होतं ते तेवढंच. आणि आप्पाराव नावाचा एक गडी तोंडात पेटलेली बिडी धरून, टाकीच्या तोटीला लावलेला पाइप विहिरीत सोडून, तोटीला हात घालून उभा होता.

"सोडू नको!" आश्रुबा धावला. त्यानं पाइपाला मिठी मारून तो विहिरीबाहेर ओढला. त्याच क्षणी तोटी फिरली. धार आश्रुबाच्या छातीवर, पायावर, बायनाबाईच्या सुनेच्या हंड्यात आणि आप्पारावच्या चपलांवर. आश्रुबानं अंगानं आप्पारावला ढकललं आणि तोटी दाबून बंद केली.

वास पसरला. हसणं जागच्या जागी थांबलं.

"आरं च्या मायला," आप्पाराव पुटपुटला, आणि ओठांतली बिडी लटकली.

"बिडी टाकू नको!" आश्रुबा किंचाळला. "बाबा, तोंडातच धर! बोलू नको, खोकू नको! खाली डिझेल हाय!"

आप्पारावच्या डोळ्यांत पाणी आलं. बिडी घट्ट धरून, काचेवरून चालल्यासारखा तो एकेक पाऊल मागं सरकत गेला. पार लिंबाखाली पोचल्यावर बायनाबाईनं स्वतः त्याच्या तोंडातली बिडी उपटली आणि मातीत रगडली. मग आप्पाराव मटकन खाली बसला.

आश्रुबा विहिरीत डोकावला. पाण्यावर तवंग नव्हता. मग तो बायांकडं वळला.

"मी म्हणलं व्हतं का न्हाई?" तो ओरडला. "म्हणलं व्हतं का न्हाई डिझेल हाय?"

"आरं मुडद्या, मला कुटं वाचता येतंय!" बायनाबाई दुप्पट ओरडली. "मी निळं बघून आले. पान्याच्या टाक्या निळ्या आस्त्यात. निळं कावून दिलं रं भाड्या?"

"मी दिलं का? चेअरमननं दिलं!"

"गाडी कोन चालवतंय? चेअरमन?"

"हे निळं झाका आदी," म्हणत बायनाबाईनं सुनेला मारुतीच्या देवळात पिटाळलं. ती शेंदराची पुडी घेऊन आली. शेंदूर कालवायला तेल कुठलं, मग हंड्यात सांडलेलं डिझेलच घेतलं. चार बायांनी मिळून टाकी चोपडली. निळं गेलं, पिण्याचे पाणी गेलं. राहिली भडक शेंदरी टाकी आणि बायांच्या बोटांचे फराटे.

छावणीत जनरेटर चालला, जनावरं पाणी प्याली. मोहनरावांनी टाकी बघितली आणि कपाळाला हात लावला. "आता धा जागी धरतील बे! उद्या निळी करून आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी आश्रुबा चौसाळ्याला निघाला, पण मल्लिनाथकडं वळला नाही. हायवेवर पथकाची जीप लिंबाच्या सावलीला होती. त्यानं आपणहून गाडी थांबवली.

"साहेब, टाकीत डिझेल न्हेतो. पाटी कशी लावायची, सिलिंडर कसलं, ट्रेनिंग कुटं, सगळं सांगा."

साहेब पेपर वाचत होते. त्यांनी मानही वर केली नाही. "आज वाळूच्या गाड्या बघतोय. तू जा."

"धरा की मला."

"जा म्हटलं ना! कुणी अडवलंय तुला?"

आश्रुबा गाडीत बसला. शेंदरी टाकीसकट पिकअप त्यानं मागं घेतली आणि जीपच्या तोंडापुढं बरोबर आडवी लावली, रस्त्यात बाज टाकावी तशी. इंजिन बंद केलं. चावी खिशात घातली आणि बॉनेटवर मांडी घालून बसला.

साहेबांनी हॉर्न वाजवला.

"वाजवा," आश्रुबा म्हणाला.

बऱ्याच वेळानं जीपचं दार उघडलं. साहेब उतरले. शिव्या देत देत टाकीभोवती एक चक्कर मारली, आणि चिडूनच बोलायला लागले.

"आधी पाटी. ऐक नीट. एकदाच सांगणारे."