पाटीपासून एकशे वीस पावलं

डेपोच्या भिंतीवर नवं वेळापत्रक चिकटवलं होतं आणि त्यात कामेनित्सा वस्तीचा थांबाच नव्हता. कारण बाजूला छापलं होतं: सहा महिन्यांत चढलेले प्रवासी, शून्य.

स्नेझिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणीस वर्षं ती सात नंबरची बस त्या डोंगरावरून हाकत होती. शून्य? मग रोज सकाळी चीज भरलेली बनित्सा खाऊन तेलकट कागद सीटखाली कोंबणारी ती काय भुतं होती? आणि रुसा आजी? तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला खाली इस्पितळात जावं लागे. दुसरी बस नाही, मुलगा जर्मनीत. थांबा गेला की आजी गेली, इतकी सरळ गोष्ट होती.

ती तडक नियोजनवाल्या वासेव साहेबांच्या खोलीत घुसली. साहेबांनी शांतपणे संगणकावर नकाशा दाखवला. दारावरचं यंत्र माणसं मोजतं, पण थांब्याच्या पाटीजवळ दार उघडलं तरच. बाकीची मोजणी ते चूक समजून फेकून देतं.

तेव्हा तिला उमगलं आणि राग दुप्पट झाला, कारण निम्मा आता स्वतःवर होता. पाटी होती वरच्या वळणावर, ऐन चढावर. हिवाळ्यात तिथे पाऊल ठरत नाही. म्हणून ती पहिल्या वर्षापासून एकशे वीस पावलं खाली, दगडी नळापाशी थांबत आली होती. सगळ्या वस्तीला हे ठाऊक. यंत्राला सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"यंत्र खोटं बोलत नाही, बाई," वासेव म्हणाले.

"नाही बोलत. पण आंधळ्याला साक्षीला उभं केलंत तुम्ही."

"मग लिहून द्या, की रोज पाटी सोडून थांबत होते. थांबा परत येईल. नियम मोडल्याची कारवाई मात्र तुमच्यावर होईल."

असली माणसं खुर्चीतच जन्माला येत असावीत. स्नेझिनाने तिथल्या तिथे लिहून दिलं, इतकं दाबून की कागद फाटला. थांबा परत आला, आणि ती वसंतापर्यंत निलंबित झाली.

तिच्या जागी आलेला बोरील पोरगा वाईट नव्हता. पण पडद्यावर पाटीचा ठिपका दिसेल तिथेच, वरच्या वळणावर, तो बस उभी करी, आणि ठरल्या मिनिटाला दार आपोआप मिटे.

जानेवारीतल्या सोमवारी स्नेझिना रुसा आजीला दंडाला धरून चढ चढवत होती. रस्त्यावर बर्फाची काच झालेली. आजीला धाप लागली होती. "तू जा घरी," ती म्हणाली, "माझ्यापायी आधीच पोटावर पाय आलाय तुझ्या."

"बोलू नका, आजी. दम चालायला ठेवा."

दहा पावलं उरली आणि वर बसचं दार मिटलं.

स्नेझिनाने आजीचा हात कठड्यावर ठेवला, धावत गेली आणि बसच्या पुढ्यात उभी राहिली. बोरीलने भोंगा वाजवला, मग खिडकीतून डोकं काढलं. "काकू, बाजूला व्हा. उशिराची नोंद झाली तर मला घरी बसवतील."

"मला बसवलंच आहे. दार उघड."

त्याने हाताने दार उघडलं. आजी एकेक पाऊल टाकत आली, चार मिनिटं लागली. ती पुढच्या सीटवर टेकेपर्यंत स्नेझिना दोन्ही तळवे गार काचेवर टेकून उभी होती. मग ती बाजूला झाली.

बुधवारी पुन्हा इथेच उभं राहायचं होतं.